डेन्मार्कात झालं

उद्या सकाळी आठपर्यंत हलायचं नाही, असं बोदिलने मला सांगितलं तेव्हा दिवसाचे अकरा वाजले होते.

"हलायचं नाही म्हणजे किती?" मी विचारलं.

"मान हलव, हात हलव, जीभ हवी तेवढी हलव," ती म्हणाली. "कमरेखाली मात्र तू आता या खोलीतलं फर्निचर."

बोदिल ही कोपनहेगनच्या या इस्पितळातली नर्स. साठीला आलेली, आणि पायांत लाल बूट. सकाळी मला भूल दिली होती तेव्हा गर्भाशयाच्या तोंडातून आत एक दांडी बसवली होती, आणि ती तसूभरही सरकू नये म्हणून भोवती पट्ट्या ठासून भरल्या होत्या. दांडीपासून नळ्या निघून कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत जात होत्या. दर तासाला ते मशीन खडखडायचं आणि एका तारेच्या टोकावर जवाच्या दाण्याएवढा किरणांचा तुकडा माझ्या आत पाठवायचं. वीस मिनिटं तो गाठीपाशी बसायचा आणि परत मशीनमध्ये जायचा. ती वीस मिनिटं दार बंद, दारावरचा दिवा लाल, आणि खोलीत मी एकटी. मधली चाळीस मिनिटं माणसांची.

पाच आठवडे बाहेरून किरण देऊन झाले होते, दर आठवड्याला सलाइनमधून औषधही. "ती सगळी तयारी होती," डॉक्टरीण म्हणाली होती. "खरं काम आतून." ती आणि तिचे दोन विद्यार्थी सकाळी माझ्या पायांमध्ये वाकून बोलत होते, तेव्हा मी छताकडे बघत होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. तीस वर्षं मी समुद्रापलीकडच्या आमच्या बेटावर, तारवीक गावातल्या कारखान्यात कॉड माशांची पोटं उघडली आहेत. कामाच्या नजरेने कुणी बघितलं तर त्याचा राग कशाला यायचा? परक्यांची मला कधीच लाज वाटली नाही. माझा सगळा घोटाळा आपल्या माणसांपाशी होतो.

खिडकीच्या कट्ट्यावर माझा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो थरथरत होता. खिडकी पलंगापासून चार पावलांवर, म्हणजे उद्या सकाळी आठवर.

कोण असणार हे मला ठाऊक होतं. सोल्वा. माझ्या शेजारची, आणि शाळेपासूनची मैत्रीण. आदल्या संध्याकाळी तिने फोनवर सांगितलं होतं, "होग्नी उद्या पाच वाजता पंचायतीच्या बैठकीत उभा राहून सांगणार आहे की तो जातोय. पत्र लिहून ठेवलंय. डेन्मार्कात कुठेतरी नोकरी बघितली आहे, एक्स-रे वाचायची. म्हणे तिथे फोटोंना चेहरे नसतात. आर्मगार, तू बोल ना त्याच्याशी. म्हणावं, तुझी चूक नाही. तू म्हणालीस तर ऐकेल."

होग्नी हा सोल्वाचा मुलगा आणि आमच्या बेटाचा डॉक्टर. माझा कॅन्सर आपल्याला दिसला नाही, म्हणून तो नोकरी सोडून चालला होता.

तो त्याला का दिसला नाही, हे मला माहीत होतं. पाच आठवडे मी गप्प होते.

*

होग्नीच्या आधी आमच्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नसत. दर सहा महिन्यांनी डेन्मार्कातून नवा यायचा, वाऱ्याला कंटाळायचा आणि जायचा. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचं पत्र आलं की आम्ही बायका मुकाट्याने जायचो, पलंगावर आडव्या व्हायचो, तो काडी फिरवून पेशी घ्यायचा, आम्ही लोकरी विजार वर ओढून घरी. पुढच्या वेळी तो माणूसही नसायचा आणि त्याने काय बघितलं तेही त्याच्याबरोबर गेलेलं असायचं.

मग आठ वर्षांपूर्वी होग्नी शिकून परत आला. आपल्या गावचा पहिला डॉक्टर! धक्क्यावर झेंडे लावले, मी दोन केक केले, सोल्वा तर तीन दिवस रडत होती. आणि त्या दिवसापासून तारवीकच्या बायकांनी विजार उतरवणं बंद केलं.

तुम्हीच सांगा, काय करणार? या मुलाचं नाक मी पुसलं आहे. त्याला माझं नाव म्हणता येत नव्हतं तेव्हा तो मला 'आम्गा' म्हणायचा आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून वाळवलेलं मटण चघळायचा. त्याच्यापुढे पाय पसरून पडायचं? दवाखान्यात नर्स होती, तिच्याकडूनही करून घेता आलं असतं. पण नर्स म्हणजे बिर्ना, माझी नणंद. तिने माझ्या नव्या पडद्यांवर दोन वर्षं टीका केली. तिला आणखी विषय कशाला द्यायचा?

पत्रं येत राहिली. एकदा होग्नीने दुकानात, बटाट्यांच्या पोत्यापाशी, खाली बघत विचारलं, "आर्मगार, तुझी ती तपासणी राहिली आहे वाटतं."

माझी लेक रान्वा कोपनहेगनला शिकते. मी नुकतीच तिच्याकडे जाऊन आले होते. तोंडातून आपोआप निघालं, "डेन्मार्कात झालं. स्वच्छ आहे सगळं."

"अच्छा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मग मी तसं नोंदवतो."

आमच्या बेटावर या शब्दांपुढे कुणी काही विचारत नाही. दात डेन्मार्कात झाले, घटस्फोट डेन्मार्कात झाला, कुणाच्या मुलीचं काहीतरी नको ते डेन्मार्कात झालं. समुद्रापलीकडे जे झालं ते झालं.

मग गेल्या वर्षी, सामल तीन महिन्यांनी ट्रॉलरवरून घरी आला त्या आठवड्यात, मला रक्त दिसलं. सामल म्हणजे माझा नवरा. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. मी चादर बदलली, वयावर ढकललं. पुन्हा दिसलं. मग एक दिवस रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले होते, आणि निघताना, दाराच्या मुठीवर हात ठेवून, पाठमोरीच म्हणाले, "थोडं रक्त जातं अधूनमधून. वयाचंच असणार."

होग्नी खुर्चीतून अर्धवट उठला. "तपासू का?"

"अरे, डेन्मार्कातल्या बाईने सगळं बघितलंय ना."

तो परत बसला. मी वळून बघितलं नाही, पण खुर्चीचा आवाज मी ऐकला. "कोरडेपणाही असू शकतो," तो म्हणाला. "क्रीम देतो. दोन महिन्यांत थांबलं नाही तर ये."

ते थांबलं नाही आणि मी गेले नाही. रक्ताला वास येऊ लागला होता. मी माशांत काम करते, मला कोण विचारणार?

ऑक्टोबरात मेंढ्या उतरवायचा दिवस आला. त्या दिवशी सगळं गाव डोंगरावर एका ओळीत उभं राहतं, हात पसरून, आणि मेंढ्यांना खाली कोंडवाड्याकडे ढकलत आणतं. ओळीतल्या एकाने जागा सोडली की संपलं. मी वरच्या ओढ्यापाशी उभी होते, आणि एकाएकी दोन्ही पाय गरम झाले. खाली बघितलं तर बुटांपर्यंत रक्त. मी दगडावर बसले. माझ्या जागेतून चाळीसेक मेंढ्या आरामात परत डोंगरावर निघून गेल्या. खालून कुणीतरी ओरडलं, "आर्मगार, झोपलीस का गं!"

सोल्वा धावत आली. तिने बघितलं, काही विचारलं नाही, अंगातलं स्वेटर काढून माझ्या कमरेला बांधलं. त्या वाऱ्यात नुसत्या झग्यावर मला धरून ती खाली आली. तिनेच विणलेलं स्वेटर होतं, पांढरं. ते पुढे फेकून द्यावं लागलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. आमच्या बेटांच्या राजधानीतल्या इस्पितळात आतल्या गाठीचा तुकडा काढून तपासला, मग स्कॅन, मग कोपनहेगनचं विमान. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, बाजूच्या भागात सरकलेला. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती, पण किरणांची होती. तिघींतल्या दोघी बऱ्या होतात, डॉक्टरीण म्हणाली. आणि आधीच्या पायरीवर, पेशी नुसत्याच बदलू लागलेल्या असताना आला असतात तर, पंधरा मिनिटांचं काम होतं. तिने विचारलं, "शेवटची तपासणी कधी झाली होती?"

"नऊ वर्षांपूर्वी," मी ताडकन खरं सांगितलं. परकी होती ना.

तारवीकहून निघाले त्या दिवशी माझी बॅग होग्नीने बोटीपर्यंत उचलली. धक्क्यावर वारा असा होता की उभं राहवत नव्हतं. तो म्हणाला, "मी बघायला हवं होतं." तेव्हा मी एक वाक्य बोलायचं होतं. एकच. पण पलीकडे बिर्ना उभी होती, सोल्वा माझ्यासाठी डबा धरून उभी होती, दुकानातली माणसं हात हलवत होती. मी म्हणाले, "बॅग ओली होईल, वर ठेव."

*

दुपारी तीनला दहा मिनिटं कमी असताना, दिवा अजून हिरवा होता तेव्हा, बोदिल आत आली. नळ्या बघितल्या, माझ्या पाठीखाली हात घालून घाम पुसला.

"मला तो फोन हवाय," मी म्हणाले.

"देते. पण सात मिनिटांत मला बाहेर जावं लागेल."

"तेच बरं."

तिने माझ्याकडे बघितलं. "नवऱ्याशी भांडण?"

"नवरा नॉर्वेच्या वरती समुद्रात आहे. त्याच्याशी भांडायला आधी बोटीचा पत्ता लागतो."

बोदिल हसली, फोन माझ्या छातीवर ठेवला, दार ओढून गेली. दिवा लाल झाला. मशीन खडखडलं, आणि तार माझ्या आत आली. ती जाणवत नाही, पण आली हे कळतं. आता वीस मिनिटं मला कुठे जाता येणार नव्हतं आणि मला अडवायला कुणी येणार नव्हतं. मी दवाखान्यात फोन लावला.

"होग्नी, मी."

"आर्मगार? आज तर तुझं आतलं—"

"चालू आहे. आत्ता आतच आहे. वारा कसा आहे?"

"दक्षिणेचा. सकाळची बोट गेली, दुपारची नाही."

"मेंढ्या?"

"बऱ्या आहेत. सामलची ती तपकिरी लंगडत होती, आता चालते."

एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी मरणाची बातमीसुद्धा देत नाही. पुढे बोलायला काही उरलं नव्हतं, मग मी ते बोलले.

"होग्नी, माझं डेन्मार्कात झालं नव्हतं. कुठेच झालं नव्हतं. मी खोटं बोलले."

पलीकडे कुणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखला, म्हाताऱ्या दानियलचा. म्हणजे दवाखान्याचं दार उघडं होतं.

"थांब," होग्नी म्हणाला. दार लागल्याचा आवाज आला. खुर्चीचा आला. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझ्या तिथल्या डॉक्टरणीचं पत्र नोव्हेंबरातच आलं. पहिल्या पानावर आहे. शेवटची तपासणी नऊ वर्षांपूर्वी."

मला वाटलं होतं, डेन्मार्कात बोललेलं डेन्मार्कातच राहतं. "मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"आणि एवढं माहीत असून नोकरी सोडतोस? तुझी चूकच नाही तर!"

"आर्मगार, ऐक." त्याचा आवाज मुलासारखा झाला होता. "पत्र आलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. तू दारात पाठमोरी उभी होतीस ना, तेव्हाच मला वाटलं होतं की तू खोटं बोलतेस. आणि मला बरं वाटलं. कळतंय का? मला बरं वाटलं की मला बघावं लागणार नाही. मी खाली बसलो. परका डॉक्टर बसला नसता."

मी छताकडे बघत होते. छताला छोटी भोकं आहेत, एका चौकोनात चौसष्ट. मी ती सकाळपासून चारदा मोजली होती.

"मीच बसवलं ना तुला," मी म्हणाले.

"नुसतं तुझंच नाही. मी यादी काढली. बेटावर तपासणीच्या वयात बसणाऱ्या एक्केचाळीस बायका. त्यातल्या एकोणीस जणींपुढे काय लिहिलंय माहीत आहे? डेन्मार्क. स्वच्छ. माझ्याच हाताने. पाच वर्षांत आपल्या बेटावरून एकोणीस बायका डेन्मार्कला गेल्या तरी आहेत का? त्या वरच्या आळीतल्या फ्रीदाला धक्क्यावर उभं राहिलं तरी बोट लागते!"

मला हसू आलं. हसायला परवानगी नव्हती, पोट हलतं. मी ते दाबलं, तेव्हा डोळ्यांतून आलं.

"त्यात आईसुद्धा आहे," तो म्हणाला.

"सोल्वा?"

"ती कुणाकडे जाणार? माझ्याकडे? म्हणून जातोय मी. मी गेलो की परके येतील. मग तुम्ही सगळ्या याल."

हे मात्र मी धरलं नव्हतं. मुलगा खचला नव्हता, हिशेबाने चालला होता, आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मशीन खडखडत होतं. मी त्या दाण्याचा विचार केला, जो माझ्या आत बसून एकेक पेशी जाळत होता, आणि ज्याला कुणाची लाज नव्हती.

"आणि गेल्या हिवाळ्यात दानियलचं हृदय थांबलं तेव्हा? तीन दिवस बोट नव्हती. परका तेव्हा रस्ता शोधत बसला असता. तू चपलांवर धावलास."

पलीकडे खुर्ची करकरली.

"परकी बाई आणता येत नाही का? महिन्यातून एकदा, राजधानीतून. आली, काड्या फिरवल्या, गेली. आमच्याशी ओळखही वाढवायची नाही."

"मागितली होती. दोनदा. ते म्हणतात, कशाला? कागदावर आपलं बेट सगळ्यांत नीट आहे. सगळ्यांची तपासणी झालेली."

असं होतं तर. आम्ही प्रत्येकीने आपापलं दार ओढून घेतलं होतं, आणि एकोणीस दारं लागल्यावर आत कोंडल्या गेलो होतो सगळ्याच.

"माझ्या नावापुढचं खोड," मी म्हणाले. "लिही, झालेली नाही. लिही की ती स्वतः म्हणाली."

"एका नावाने होणार नाही."

"मग तू पाच वाजता काय करणार आहेस?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "पत्र खिशात आहे."

तार परत गेली. दिवा हिरवा झाला आणि बोदिल आली, तेव्हा फोन बंद झाला होता आणि मी रडत होते, हुंदका न देता, कमरेखाली फर्निचर राहून. आयुष्यात इतकं नीट मी कधी रडले नव्हते.

*

सोल्वाला फोन लावला तेव्हा बोदिल खोलीतच होती. तिला आमची भाषा कळत नाही, डेनिश माणसांना आमचं बोलणं म्हणजे तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं वाटतं. तरी ती लघवीची पिशवी बदलण्यात जरा जास्तच वेळ घेत होती.

शुक्रवारी दुपारी विणकामाला बायका सोल्वाकडे जमतात. फोन उचलल्याबरोबर सुयांचा आवाज आला.

"वारा दक्षिणेचा आहे," सोल्वा म्हणाली.

"ऐकलं. सोल्वा, दुसऱ्या खोलीत जा."

ती गेली. मी सगळं सांगितलं. दुकानातलं, दारातलं, धक्क्यावरचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाच आठवडे."

"हो."

"पाच आठवडे मी रोज तुला सांगत होते. तो जेवत नाही. झोपत नाही. माझ्या मुलाचे गाल आत गेलेत. आणि तू मला विचारत होतीस, हेरिंग माशाची आमटी केलीस का?"

"कॉडची."

"तोंड वर करून दुरुस्त्या करू नकोस! अगं, मी तुझ्यासाठी माझं स्वेटर रक्तात घातलं. दुकानात मी तोंड लपवून उभी राहते. लोक म्हणतात, आपल्याच माणसाला दिसलं नाही. बिर्ना म्हणते. आणि तू तिकडे आडवी पडून—"

"सोल्वा, तुझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"डेन्मार्क लिहिलंय," मी म्हणाले. "तू डेन्मार्कला शेवटची कधी गेलीस? भाचीच्या लग्नाला. त्याला अकरा वर्षं झाली."

फोन बंद झाला. तिने ठेवला, की आपटला, ते या नव्या फोनांमुळे कळतही नाही.

"कोण होतं?" बोदिलने विचारलं.

"मैत्रीण."

"अजून आहे?"

"सहाला कळेल," मी म्हणाले. तिथले पाच म्हणजे इथले सहा.

चार वाजता दार बंद, पाच वाजता दार बंद. रान्वा येऊन बसली, मला नळीने सूप पाजलं, पुढच्या खडखडाटाआधी घरी गेली. तिला शाळेत असतानाच या कॅन्सरवरची लस टोचली आहे. त्या दिवशी परवानगीच्या कागदावर सही करताना मला वाटलं होतं, हल्ली मुलांना काय काय टोचतात. बरं झालं, मी न वाचता सही केली.

सहा वाजले. आता तो शाळेच्या हॉलमध्ये उभा राहत असेल. लहान मुलांच्या खुर्च्या, त्यांवर पंचायतीचे सात बाप्ये गुडघे हनुवटीला लावून. दारावरचा दिवा लाल. तार आत. पाठीखाली चादरीची एक सुरकुती होती, सकाळपासून. ती आता दोरखंडाएवढी झाली होती. मला फक्त कूस बदलायची होती. जगात मला दुसरं काही नको होतं, बरं होणंही नको, फक्त एकदा डाव्या कुशीवर. मी डोंगरावरच्या त्या दगडाचा विचार केला. तेव्हा जागा सोडली, आणि मेंढ्या गेल्या. आता जागा सोडायची नव्हती. मी बोटं हलवली. मान हलवली. चौसष्ट भोकं.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन छातीवर थरथरला. दिवा पुन्हा लाल होता. सोल्वा.

"वारा पश्चिमेला वळला," ती म्हणाली.

"मग बोट येईल उद्या."

"येईल." ती श्वास घेत होती, चढ चढून आल्यासारखी. "मी गेले होते शाळेत. विणकाम हातात घेऊनच. सगळ्याच आल्या, मी म्हणाले चला, तर आल्या. तो उभा राहिला. खिशात हात घातला. मी म्हणाले, थांब, आधी मी बोलते. सात बाप्ये माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, माझं डेन्मार्कात झालेलं नाही."

"असंच म्हणालीस?"

"दुसरं कसं म्हणणार? अध्यक्ष म्हणाला, काय झालेलं नाही? मी त्याला सांगितलं, काय ते. सगळे आपापले बूट बघायला लागले. मग फ्रीदा म्हणाली, माझंही नाही. मग इतर. मग मागून आवाज आला, माझंही नाही. बिर्ना! नर्स! अगं, ती स्वतः काड्या ठेवते कपाटात!"

"बिर्ना?"

"म्हणते, मी काय स्वतःच करून घेणार? अकरा जणी झाल्या, आर्मगार. अकरा. होग्नीने टेबलावर यादी ठेवली आणि एकेक नाव खोडत गेला. त्याचे कान बघायला हवे होतेस."

"आणि पत्र?"

"खिशात आहे अजून. काढलं नाही. फाडलंही नाही. अध्यक्ष म्हणाला, राजधानीला लिहू, बाई पाठवा म्हणून. होग्नी म्हणाला, ती आली तर राहीन. पहिला मंगळवार ठरवलाय. समुद्राने येऊ दिलं तर."

मशीन थांबलं. तार परत गेली. हिरवा दिवा.

"तू जाणार ना मंगळवारी?" मी विचारलं.

"मंगळवारी मला लोकर धुवायची आहे."

"सोल्वा."

फोनमध्ये वारा ऐकू येत होता. ती आपल्या अंगणात उभी असणार, माझ्या अंधाऱ्या खिडकीकडे तोंड करून.

"पहिला नंबर माझाच लावलाय त्याने," ती म्हणाली. "मेल्याने. भर सभेत. म्हणाला, सोल्वा, सकाळी नऊ." मग म्हणाली, "मला तुझा राग आहे. तो जाणार नाही इतक्यात. तुझ्यासाठी मोजे विणतेय, टाच इतकी घट्ट झाली आहे की पाय जायचा नाही."

"बळजबरीने घालीन."

"घाल. आणि सामलला कोण सांगणार?"

"मीच. फेब्रुवारीत आल्यावर."

"धक्क्यावर नको सांगू. घरात सांग. दार लावून, बसून." तिने फोन ठेवला.

बोदिल आत आली होती, लाल बूट वाजवत. तिने पाठीखाली हात घातला आणि मी न सांगताच ती सुरकुती ओढून सरळ केली. मी डोळे मिटले.

"मैत्रीण आहे अजून?" तिने विचारलं.

"आहे. रागावली आहे."

"म्हणजे आहे," बोदिल म्हणाली. "आणखी बारा वेळा झालं की सुटलीस. आता हलू नकोस."

फोन पुन्हा एकदा थरथरला. होग्नीचा निरोप होता, दोन ओळींचा. पुढच्या महिन्यात परत आलीस की तुझी पुढली तपासणीही त्या बाईकडेच होईल, माझ्याकडे नाही. खाली लिहिलं होतं: झोप आता, आम्गा.

मी फोन छातीवर उलटा ठेवला आणि हलले नाही.